नाव भदैनीला थांबवावी

श्री सम्मेदशिखरजींची यात्रा करून परतणारी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे वाटेत एक दिवस काशीला उतरतात. सकाळी भेलूपूरला भगवान पार्श्वनाथांचे दर्शन होते, वेळ मिळाल्यास सिंहपुरीला म्हणजे आजच्या सारनाथला जाऊन येणे होते, दुपारी शालूंच्या दुकानात दोन-तीन तास जातात आणि सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील गर्दीतून वाट काढीत एखादी नाव ठरविली जाते. नाव आरतीसमोर उभी राहते, तेथून मणिकर्णिकेपर्यंत जाऊन परत येते. छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून मंडळी घरी येतात आणि काशी पाहिली असे सांगतात.

या दर्शनात उणे काढण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट राहून गेलेली असते. जैनांच्या इतिहासाशी ज्या घाटांचे नाते सर्वांत जवळचे, ते घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, अस्सीच्या बाजूस आहेत. सायंकाळची घाईची फेरी सहसा तिकडे जातच नाही. ज्या नगरीत चार तीर्थंकरांची सोळा कल्याणके झाली असे आपली परंपरा मानते, त्या नगरीच्या नदीवरून आपण फिरून येतो आणि आपलाच घाट पाहत नाही. म्हणूनच काशीत कुटुंबापुरती वेगळी नाव ठरविणे ही चैन समजू नये. आपली नाव असेल तर ती आपल्याला हवी तेथे थांबविता येते.

तीर्थ म्हणजे उतार

‘तीर्थ’ या शब्दाचा एक मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार, पाण्यात उतरण्याची जागा असा आहे. संसारनदी पार करण्यासाठी जे असा उतार बांधून देतात ते तीर्थंकर. हा अर्थ पाठशाळेत आपण सर्वांनीच ऐकलेला असतो. परंतु काशीच्या पायऱ्या नावेतून पाहताना तो जसा डोळ्यांत भरतो तसा पुस्तकात भरत नाही. पावसाळ्यात बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली जातात, उन्हाळ्यात त्या उघड्या पडतात, आणि दोन्ही काळी माणसाला पाण्यापर्यंत नेण्याचे आपले काम त्या करीत राहतात.

गंगा येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून तिला उत्तरवाहिनी म्हणतात. संपूर्ण जुने नगर तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून वसले आहे. समोरचा काठ वाळूचा आणि मोकळा. त्यामुळे सूर्योदयाचे पहिले ऊन आडकाठी न येता सरळ घाटांवर पडते. दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला वरुणेचा संगम यांच्या दरम्यान सहा-सात किलोमीटरांच्या अंतरात चौऱ्याऐंशी घाट मोजले जातात. वरुणा आणि असी या दोन नावांवरूनच वाराणसी हे नाव आले असे परंपरेने सांगितले जाते.

चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या आपल्या ग्रंथात वाराणसीवर स्वतंत्र कल्प लिहिला. त्या काळी नगरीचे देव वाराणसी, राजधानी वाराणसी, मदन वाराणसी आणि विजय वाराणसी असे चार भाग मानले जात, असे त्यांनी नोंदविले आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा एक जैन साधू हे नगर नीट न्याहाळून त्याची नोंद करून ठेवीत होता. आजच्या यात्रेकरूने त्याच्या निम्म्या लक्षाने पाहिले तरी पुष्कळ होईल.

अस्सीहून निघावे

नाव पहाटे, अस्सी घाटावरून ठरवावी. यात दोन सोयी आहेत. पहिली ही की, सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी करणाऱ्या घरांची आरतीच्या वेळी जी ओढाताण होते ती सकाळी होत नाही. नवकारशीच्या आत फेरीचा मोठा भाग आटोपतो. दुसरी सोय प्रवाहाची आहे. अस्सीहून उत्तरेकडे निघालेली नाव पाण्याच्या दिशेने जाते. वल्ह्यांना श्रम कमी पडतात आणि इंजिनाच्या गोंगाटाविना घाट पाहता येतात. दशाश्वमेध, पंचगंगा किंवा राजघाट येथे उतरून परतीचा मार्ग रिक्षाने धरावा.

अस्सी सोडल्यानंतर तुलसी घाट येतो आणि त्यापाठोपाठ भदैनी. येथील पाणी उपसण्याचे जुने केंद्र आणि त्याचा उंच बुरूज दुरूनच दिसतो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीतला. मणिकर्णिका हे त्यांचे माहेरचे नाव या नगरीच्याच घाटाचे आहे आणि त्यांचे स्मारक याच भदैनी भागात आहे. थोडे पुढे वच्छराज घाट आणि त्याला लागून जैन घाट. हा सारा काठ पूर्वी एकच होता. वच्छराज नावाच्या व्यापाऱ्याच्या नावाने तो ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा एक भाग पक्का बांधून जैन घाट हे वेगळे नाव रूढ झाले. पाण्याच्या काठापासून वर नजर नेली की जिनालयाची शिखरे दिसतात. सातवे तीर्थंकर भगवान सुपार्श्वनाथ यांचे हे जन्मस्थान. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत.

नावाड्याला येथे थांबण्यास सांगावे. पायऱ्या चढून दर्शन घेऊन येण्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. गर्दी नसते. बऱ्याचदा घाटावर कपडे वाळत घालणारी माणसे आणि पाण्याशी बसलेली मुले यांच्यावाचून कोणी नसते.

एका रुपयाची गोष्ट

याच भदैनीच्या काठावर स्याद्वाद महाविद्यालय आहे. व्यापारी घरातील मुलांना त्याची कथा नावेत बसूनच सांगावी, कारण ती भांडवलाची कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गणेशप्रसाद वर्णी न्यायशास्त्र शिकण्यासाठी काशीत आले. जन्माने ते जैन नव्हते. विचारपूर्वक त्यांनी जैन धर्म स्वीकारला होता. काशी म्हणजे विद्येचे माहेरघर, परंतु जैन आहे एवढ्याच कारणावरून एका पंडितांनी त्यांना शिकविण्याचे नाकारले आणि अपमान करून परत पाठविले. तो अपमान त्यांनी मनात धरून ठेवला नाही. येथे जैन विद्यार्थ्यांना हक्काने शिकता येईल असे विद्यालय हवे, एवढाच निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. जवळ पैसा नव्हता. एका सद्गृहस्थाने एक रुपया दिला. त्या काळी पोस्टकार्ड एका पैशाला मिळे आणि रुपयाचे पैसे चौसष्ट. वर्णीजींनी त्या रुपयाची चौसष्ट पोस्टकार्डे आणली आणि ठिकठिकाणच्या श्रावकांना पत्रे लिहिली.

उत्तरे आली. मुंबईचे दानशूर जव्हेरी सेठ माणिकचंद यांच्यासारखे श्रावक पाठीशी उभे राहिले आणि १९०५ साली विद्यालय सुरू झाले. संस्थापक स्वतः त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये बसले, ही त्यातील सर्वांत सुंदर गोष्ट. पुढे पंडित कैलाशचंद्र शास्त्री येथे शिकले आणि दीर्घकाळ येथेच त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. जयधवलेसारख्या विशाल टीकाग्रंथाच्या संपादनात पंडित फूलचंद्र शास्त्रींबरोबर त्यांचे नाव आहे. आज हिंदी भाषांतरामुळे जो ग्रंथ सामान्य श्रावकाच्या हाती येऊ शकतो, त्याच्या मागील विद्वत्तेचा एक झरा या पायऱ्यांवर आहे.

काशीत विद्येसाठी आलेले वर्णीजी पहिले जैन नव्हेत. सतराव्या शतकात उपाध्याय यशोविजयजी आपल्या गुरूंसह गुजरातेतून येथे आले, नव्यन्याय शिकले आणि ‘न्यायविशारद’ ही पदवी मिळवून परतले. त्यांच्या अध्ययनाचा खर्च अहमदाबादचे व्यापारी धनजी सूरा यांनी उचलला होता, असे परंपरा सांगते. एकीकडे धनजी सूरांची मोठी थैली, दुसरीकडे नाव फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या गृहस्थाचा एक रुपया. दोन्ही रकमा एकाच खात्यात जमा झाल्या, आणि त्या खात्याचे व्याज समाज अजून खात आहे.

नावावर नाव

आणखी एका व्यापाऱ्याचे नाव या नगरीशी बांधलेले आहे. जव्हेऱ्यांच्या श्रीमाळ घराण्यात १५८६ साली जौनपूरला जन्मलेल्या मुलाचे नाव आधी विक्रमाजीत ठेवले होते. आईवडील त्याला घेऊन पार्श्वनाथांच्या दर्शनाला बनारसला आले. तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्याचा आव आणला आणि यक्षाची आज्ञा म्हणून प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलाला देण्यास सांगितले. तेच कवी बनारसीदास. व्यापारात पुन्हा पुन्हा बुडालेल्या या माणसाने १६४१ साली ‘अर्धकथानक’ लिहून आपल्या आयुष्याची पहिली पंचावन्न वर्षे सांगितली. आपला तोटा, आपल्या चुका, आपले भोळेपण आणि त्या पुजाऱ्याची लबाडीसुद्धा त्यांनी लपविली नाही. हिशेबाची वही आणि आत्मपरीक्षण एकाच हाताने लिहिता येते, याचा तो पुरावा आहे. भदैनीहून नाव पुढे सरकताना त्यांची आठवण करून देण्यास कोणत्याही वाटाड्याची गरज नाही. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ती करून द्यावी.

मराठी दगड

पुढचा प्रवास महाराष्ट्रातील माणसाला परका वाटत नाही. चेतसिंहाचा किल्ला लागतो. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने कैद केलेला राजा चेतसिंह याच वाड्याच्या खिडकीतून पागोटी बांधून खाली उतरला आणि नावेतून निसटला. हरिश्चंद्र घाटाची चिता दिसते, केदार घाटाचे पट्टे दिसतात, आणि दशाश्वमेधाजवळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट येतो. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास बांधविले. पुढे बाजीराव घाट, बायजाबाई शिंद्यांचे नाव सांगणारा शिंदे घाट आणि त्याच्याजवळ पाण्याकडे झुकलेले मंदिर, आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट. अमृतराव पेशव्यांशी जोडलेला राजा घाट मात्र त्याआधीच, केदार आणि दशाश्वमेध यांच्या दरम्यान लागून गेलेला असतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठी घराण्यांनी या काठावर केवढा पैसा आणि दगड ओतला याचा अंदाज रस्त्यावरून येत नाही. तो नदीवरूनच येतो.

मणिकर्णिकेपाशी नावेतील बोलणे आपोआप थांबते. लाकडांच्या उंच राशी, त्यांनी भरलेल्या मोठ्या नावा, आणि अखंड धूर. येथे छायाचित्र काढू नये. कोणाच्या तरी घरचा तो सर्वांत दुःखाचा दिवस असतो.

जैन मनाला या धुराशी एक जुनी कथा आठवल्याशिवाय राहत नाही. काशीचे राजकुमार पार्श्व पंचाग्नी तप करणाऱ्या तापसाजवळ आले तेव्हा जळणाऱ्या लाकडात त्यांना जीव दिसला. लाकूड फोडल्यावर त्यातून होरपळलेली नागाची जोडी निघाली. तापसाचे कष्ट खरे होते, त्याची निष्ठाही खोटी नसेल. पण लाकूड अग्नीत घालण्यापूर्वी त्याने आत पाहिले नव्हते. धर्म करताना आधी पाहावे, एवढे त्या कथेचे सार काशीच्या काठावर आजही पुरते.

पाहून केलेली दया

त्याचा प्रत्यय नावेतच येतो. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो कुरव पक्षी गंगेवर उतरतात. नावांभोवती त्यांचे पांढरे थवे फिरू लागले की शेवेची पाकिटे विकणारा नावाडी जवळ येतो. मुले हरखतात आणि मूठ मूठ शेव पाण्यावर उधळतात. जीवदया केल्याचे समाधान मोठ्यांनाही वाटते. परंतु तेलात तळलेली, तिखट-मिठाची शेव हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. दूरच्या प्रवासासाठी ज्याला बळ हवे त्याचे पोट आपण चुकीच्या अन्नाने भरतो आणि रिकामी पाकिटे नदीत जातात. मुलांचा हात प्रेमाने धरून थवा नुसता पाहू द्यावा. आपल्या घरातील मुले पाण्याचा थेंब गाळून पिण्याचा संस्कार घेऊन वाढतात. त्यांना हे समजणे अवघड नाही.

नावाड्याचा हिशेब

आता व्यवहाराची गोष्ट. काशीचे नावाडी मुख्यतः मल्लाह अर्थात निषाद समाजाचे. अनेक घरांत हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मोटारनावा, दुमजली बजरे आणि मोठी प्रवासी जहाजे आल्यापासून वल्ह्याच्या नावेला मागणी कमी झाली. अलीकडच्या वर्षांत पुष्कळ डिझेल इंजिने सीएनजीवर चालू लागली, त्यामुळे धूर घटला. पण वल्हे मारणाऱ्याचे काम त्यामुळे वाढले नाही. पावसाळ्यात पाणी चढले की नावा बांधून ठेवाव्या लागतात आणि त्या दिवसांची कमाई शून्य असते.

भाव करू नये असे व्यापारी माणसाला कोणी सांगणार नाही. भाव जरूर करावा, पण पूर्ण हिशेब डोळ्यांसमोर ठेवून. प्रवाहाच्या दिशेने तासाभरात आपण पंचगंगेला उतरतो आणि निघून जातो. नावाड्याला तीच नाव एकट्याने, काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट अस्सीपर्यंत ओढत न्यायची असते. तो परतीचा वेळ आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण तो भाड्यात धरीत नाही. दुकानात माल पोहोचविण्याचा खर्च आपण जसा धरतो, तसा हाही धरावा. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कमी देणे हेही अदत्तादानाच्या फार दूर नाही, याचा विचार अणुव्रते घेतलेल्या घरांनी करावा.

ठरविताना सर्व बोलणे आधीच स्पष्ट करावे. भाडे माणशी आहे की संपूर्ण नावेचे, कोठून कोठपर्यंत, किती वेळ, भदैनीला आणि आणखी कोठे थांबायचे, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत काय, हे पाण्यात उतरण्यापूर्वी ठरावे. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे हे पाहावे आणि मुलांना ते घातल्याशिवाय नाव सोडू देऊ नये. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवू नयेत, मग पाहुणे कितीही आग्रह करोत. घरून गाळलेले, उकळलेले पाणी सोबत असावे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना पायऱ्या जड जातात, तेव्हा चढण्या-उतरण्यास सोपा घाट कोणता हे नावाड्यालाच विचारावे. त्याच्याइतके ते कोणाला ठाऊक नसते.

ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस आहे त्यांनी गंगेच्याच काठाने पुढे चंद्रावतीला जावे. नगरापासून सुमारे तेवीस किलोमीटरवर, नदीच्या उंच काठावर आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभू यांचे हे स्थान आहे. तेथे काशीची गर्दी नाही, आरत्यांचे दिवे नाहीत. नदी, आकाश आणि मंदिर एवढेच आहे. ज्यांना काशीतून मिळालेल्या प्राचीन जिनमूर्ती पाहायच्या असतील त्यांना अस्सीच्या जवळच, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या भारत कला भवनात त्या सापडतील.

पुढच्या पिढीचा घाट

समाजाची एखादी जागा पडझडीने जेवढी नाहीशी होते, त्याहून अधिक ती विस्मरणाने नाहीशी होते. भदैनीचे मंदिर उभे आहे, घाट पक्का आहे, विद्यालयाची इमारत आहे. परंतु तेथे पाय ठेवणारे यात्रेकरूच आले नाहीत, तर पुजारी दिवा लावील आणि तो दिवा पाहणारे कोणी नसेल. ज्यांच्या पणजोबांनी कदाचित त्या चौसष्टांपैकी एखाद्या पोस्टकार्डाला उत्तर पाठविले असेल, त्यांची पणतवंडे समोरून मोटारनावेने सेल्फी काढीत निघून जातील आणि काठावर काय आहे हे त्यांना कळणारही नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी नाव थांबवून दाखविलेले नसते.

म्हणून पुढच्या वेळी शिखरजीहून परतताना काशीच्या कार्यक्रमात एक पहाट राखून ठेवावी. अस्सीला वल्ह्याची नाव ठरवावी, ऊन पायऱ्यांवर येत असताना भदैनीला उतरावे, सुपार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. खाली परत आल्यावर, नाव सुटण्यापूर्वी, मुलांना एका रुपयाची गोष्ट सांगावी. आणि पंचगंगेला उतरताना नावाड्याच्या हाती ठरल्यापेक्षा थोडे अधिक ठेवावे. प्रवाहाच्या उलट त्याला अजून बरेच वल्हवायचे असते.